देवीच्या एस्तेरबाई

एस्तेरबाईंना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, दंड राहत. नाशिकच्या रविवार कारंज्यावर ऐन गर्दीत एखादी बाई शाळकरी मुलाला घेऊन समोर आली, "ओळखलंत का?" म्हणाली, की एस्तेरबाई डोळे बारीक करून दोघांकडे बघत राहायच्या. काही केल्या ओळख पटायची नाही. मग त्या मुलाला म्हणायच्या, "बाही वर कर बघू." पोरगं लाजत सदऱ्याची बाही वर सारायचं, आणि डाव्या दंडावरचे चार गोल वण दिसले की बाईंचा चेहरा खुलायचा. "अगंबाई, हा तर तिवंध्यावरच्या शिंप्याचा! दुसरा ना? खालची देवी नीट उठली नव्हती याची. बघ, अजून फिकी आहे. सासूचे गुडघे कसे आहेत तुझ्या?"

देवी टोचणं हे बाईंचं काम. कागदोपत्री त्यांचा हुद्दा 'लेडी व्हॅक्सिनेटर' असा होता, पण तो शब्द उच्चारायच्या भानगडीत नाशकात कुणी पडलं नाही. बायका त्यांना 'देवीच्या बाई' म्हणत. पोरं काहीच म्हणत नसत; ती त्यांची छत्री गल्लीच्या तोंडाशी दिसली की माळ्यावर जाऊन लपत.

हल्लीच्या मुलांच्या दंडावर तो वण नसतो. रोगच राहिला नाही, तर वण कुठून असणार? पण सन तीसच्या पुढेमागे उन्हाळा तोंडावर आला की एखाद्या दाराला कडुलिंबाचा डहाळा लागलेला दिसायचा, आणि लोक वाट बदलायचे. आत कुणाला तरी देवी आल्या आहेत, हे मोठ्यानं बोलायचंही नाही. 'बाई आल्यात त्यांच्याकडे' एवढंच. त्या आल्या की कुणाच्या तोंडावर वण ठेवून जायच्या, कुणाचा डोळा घेऊन जायच्या, आणि कुणाचं पोरच.

मी तेव्हा म्युनिसिपालिटीत नुकता कारकून म्हणून लागलो होतो. माझ्या टेबलावर दोन जाड वह्या असत. एकीत गावात जन्मलेले, दुसरीत गेलेले. तिसऱ्या का चौथ्या दिवशी एक उंच, हाडापेरानं मजबूत, पन्नाशीच्या आतबाहेरची बाई येऊन समोर उभी राहिली. पांढरं नऊवारी, पायात पुरुषी पंपशू, एका हातात पत्र्याची पेटी, दुसऱ्यात काळी छत्री.

"नवा का तू?"

"हो."

"नाव?"

"शंकर."

"आधीच्याचं अक्षर फार घाण होतं. तुझं दाखव." त्यांनी वही स्वतःकडे फिरवली. "बरं आहे. आता बाही वर कर."

मी आमच्या हेडक्लार्ककडे पाहिलं. ते टाकातली शाई झटकत म्हणाले, "करा, करा. इथं सुटका नाही. माझीही झाली नाही."

मी बाही वर केली. बाईंनी आधी डावा दंड पाहिला, मग उजवा, मग पुन्हा डावा. "कोरा?" त्या एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की पलीकडच्या खोलीतली माणसं डोकावली. "गावाच्या जन्ममृत्यूच्या वह्या याच्याकडे, आणि हा स्वतः कोरा!"

"आमच्यात करत नाहीत," मी पुटपुटलो. आई लहानपणापासून तेवढंच सांगत आली होती.

"तुमच्यात मरतात का?"

त्यांनी पेटी तिथंच उघडली. स्पिरिटचा छोटा दिवा, कापूस, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या लशीच्या बारीक काचनळ्या आणि एक दातेरी चकतीचं हत्यार. ते कातडीवर टेकवून बोटांनी गर्रकन फिरवलं की पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत. मी नोकरीत नवा असल्यामुळे ओरडलो नाही. पुढे चार दिवस ताप आला, दंड भोपळ्यासारखा सुजला. आईला मी गळू झालंय म्हणून सांगितलं. तिनं त्यावर पोटीस बांधायला घेतलं, आणि चार गळवं एका रांगेत बघून हात आखडता घेतला. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

बाई शरणपूरच्या ख्रिस्ती वस्तीत एकट्या राहत. सन अठराच्या इन्फ्लुएन्झाच्या, म्हणजे मानमोडीच्या साथीत त्या नर्सचं काम करत होत्या. लोकांच्या घरी औषध पाजत फिरत असताना त्यांच्या स्वतःच्या घरात नवरा आणि दोन मुलगे आठवड्याभरात गेले. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही शेंगदाणे सोलता सोलता. वर म्हणाल्या, "मानमोडी हवेतून यायची. श्वास घेतला की आत. दार कुठवर लावशील? तिला टोचायला जगात काही नव्हतं, शंकर. देवीही तशीच श्वासावाटे येते, पण हिला आहे. असून लोक घेत नाहीत, तेव्हा मला लय राग येतो." मग दोन दाणे तोंडात टाकून, "पण रागावलं की पोरं जास्त रडतात," असं म्हणून हसल्या.

राग त्या खरंच दाखवत नसत. गल्लीत शिरल्या की त्यांची एक वेगळीच बोली सुरू व्हायची. टोचते हा शब्द वर्ज्य. "चार मोती द्यायला आलेय," म्हणायच्या. कुणी सासू म्हणाली, "देवीचा कोप होईल," तर कपाळाला हात लावून म्हणायच्या, "माझं कुठं भांडण आहे तिच्याशी? ती मोठी. मी फक्त तिला खूण करून ठेवते, की या घरी तू येऊन गेलीस, आता पुढच्या घरी जा." सासूला हे पटायचं. ख्रिस्ती बाईनं देवीची बाजू इतक्या व्यवस्थित मांडलेली ऐकून भटजीही गप्प बसत. मी एकदा विचारलं, "बाई, हे तुमच्या पाद्रीसाहेबांना चालतं का?" त्या म्हणाल्या, "त्यांच्याही नातवाला मीच टोचलंय."

एकदा नावं ताडून बघायला मी त्यांच्याबरोबर जुन्या नाशकातल्या एका विणकरांच्या मोहल्ल्यात गेलो. बायका पडद्यातल्या, म्हणून मी बाहेर ओट्यावर बसलो. दारावर पडदा होता, पण आवाजाला पडदा नव्हता. आत एका म्हाताऱ्या बडीअम्मानं सुनांना आणि नातवंडांना पाठीशी घातलं होतं.

"पहले अपने हाथ पे करके दिखा," बडीअम्मा म्हणाली.

"लो, अम्मा," बाई म्हणाल्या. हिंदी त्या मराठीच्याच चालीवर बोलत.

मग बांगड्यांचा आवाज, आणि बडीअम्माचा बदललेला सूर. "या अल्लाह. ये सब क्या है?"

बाईंच्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूला कोपरापासून मनगटापर्यंत बारीक बारीक वण होते. ज्या ज्या घरात 'आधी तुझ्या हातावर' असं म्हणत, त्या त्या घरात बाई स्वतःच्या हातावर हत्यार फिरवत. त्यांनी स्वतः पूर्वीच टोचून घेतलेलं, म्हणून फोड उठायचा नाही, पण ओरखड्याचा डाग उरायचाच. मी ते वण रोज बघत होतो आणि भाजल्याचे असतील असं धरून चाललो होतो.

"ये तो सारा शहर है तेरे हाथ पे," बडीअम्मा म्हणाली. थोड्या वेळानं ती स्वतः पडदा बाजूला करून ओट्यावर आली, माझ्याकडे ढुंकूनही न बघता गल्लीभर हाका मारू लागली, आणि शेजारच्या चार घरांतली पोरं बकोटीला धरून आत ढकलू लागली. त्या दिवशी ओट्यावर बसून नावं लिहिताना माझं बोट दुखलं. आतल्या रडारडीचं तर विचारूच नका.

टोचून आठवड्यानं बाई पुन्हा त्याच घरी जात. देवी उठल्या का, म्हणजे दंडावर फोड नीट धरले का, ते बघायला. तक्त्यात दोन रकाने असत. एकात किती जणांना टोचलं, दुसऱ्यात किती जणांच्या उठल्या. उन्हानं लस मेली, पोराच्या आईनं घाईघाईनं दंड पुसला, कारणं कितीतरी. पण बाईंचा दुसरा आकडा पहिल्यापेक्षा कायम कमी. काही महिन्यांपुरते एक साहेब वर आले होते, माणूस सज्जन, पण त्यांना तक्ता देखणा लागायचा. त्यांनी एकदा बाईंना बोलावून हळूच म्हटलं, "बाई, हे दोन आकडे जरा जवळ आणता आले तर बघा. वरून विचारणा होते."

"आणते की, साहेब," बाई म्हणाल्या. "पण पायांनी आणीन. टाकानं नाही."

साहेबांना नीट कळलं नसावं. बाईंनी खुर्ची ओढून त्यांना समजावून सांगितलं, अगदी नातवाला सांगावं तसं. "हा तक्ता इथून पुण्याला जातो. पुण्याहून मुंबई, मुंबईहून दिल्ली. तिथं कुणी तरी बसून सगळ्या मुलखाची बेरीज करतो, की यंदा एवढी पोरं देवीतून सुटली. त्या बेरजेत माझं एक पोर खोटं गेलं, तर तो म्हणेल नाशिक झालं, आणि देवी इथंच येईल. तिला तक्ता वाचता येत नाही."

मग खरोखरच बाई देवी न उठलेल्या सगळ्या पोरांच्या घरी पुन्हा गेल्या. महिन्याभरात दुसरा आकडा पहिल्याच्या जवळ आला. साहेबांनी तक्ता हातात धरून दोनदा पाहिला आणि बाईंच्या पंपशूंकडे एकदा.

आता मला माझ्या घरची गोष्ट सांगितली पाहिजे. मी पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत राहत असे. आई, बायको आणि आमची कुसुम. कुसुम झाली तेव्हा तिचं नाव जन्माच्या वहीत मीच लिहिलं. पुढच्या आठवड्यात बाईंनी वहीवरून बोट फिरवलं आणि थांबल्या.

"हे तुझंच ना?"

"हो."

"तीन महिने झाले की येते."

त्या आल्या तेव्हा आई कुसुमला घेऊन मावशीकडे गेली होती. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा आई गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, गेली होती. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा आईनं दार उघडलंच नाही, आणि आतून कुसुमचं रडणं स्पष्ट ऐकू येत होतं. मी बाहेर बाईंसमोर मान खाली घालून उभा. गावातल्या पोरांची यादी त्यांना मी द्यायची आणि माझीच पोर यादीतून पळवायची!

चौथ्या वेळी बाई पेटी न घेता आल्या. मी जेवून आत आडवा झालो होतो. त्या ओट्यावर बसल्या. आई सुपात गहू निवडत होती. बाईंनीही सुपातले दोन खडे वेचून बाहेर टाकले. मग बाई म्हणाल्या, "सून म्हणाली, तुमचा एक मुलगा गेला. शंकरच्या आधीचा."

मी उठून बसलो. मला थोरला भाऊ होता हे माहीत होतं, पण तो कशानं गेला हे आमच्या घरात कुणी बोलत नसे.

"तुमच्यासारखाच एक आला व्हता," आई म्हणाली. ती दिंडोरीकडची, गावाकडचं काही सांगायला लागली की तिची भाषाही तिकडे जायची. "समद्या गावाला एकच हत्यार. पुसायचं धोतराला आन् म्होरच्या पोराला लावायचं. माज्या पोराचा हात सडला, बाई. काखेपातुर. लय रडायचा. नवव्या दिशी गेला." सुपातले गहू हलायचे थांबले होते. "देवीनं नाय नेला त्याला. मी नेला. मीच धरून बसली व्हती त्याला मांडीवर."

मला वाटलं, बाई आता नेहमीप्रमाणे काही तरी मिठास बोलून वेळ मारून नेतील. बाई म्हणाल्या, "तुम्ही नाही नेला. टोचणाऱ्यानं नेला. आमच्यातलाच तो. त्यानं हत्यार तापवायला हवं होतं."

आईनं सूप खाली ठेवलं.

"मी पुन्हा विचारायला येणार नाही," बाई उठत म्हणाल्या. "तुम्ही बोलवाल तेव्हा येईन. त्यानंतर आठ दिवस रोज येऊन हात बघेन. नाही बोलावलंत तरी मी रागावणार नाही."

त्या गेल्या. आईनं तो विषय काढला नाही, मीही काढला नाही. मला धीरच झाला नाही.

त्या चैत्रात रामनवमीला पंचवटीत बाहेरगावची गर्दी लोटली, आणि ती ओसरल्यावर एकदोन गल्ल्यांत डहाळे दिसू लागले. बघता बघता साथ बाजारापर्यंत आली. माझ्या मृत्यूच्या वहीची पानं भराभर उलटू लागली. एका सकाळी आमच्या घरापासून दुसऱ्या दाराला डहाळा लागला. तिथला फूलवाल्यांचा मुलगा कालपर्यंत आमच्या ओट्यावर खेळत होता.

दुपारी बाराच्या सुमारास मी वहीत मान घालून बसलो होतो, तर समोर आई. जन्मात तिनं कचेरीची पायरी चढली नव्हती. पाय धुळीनं भरलेले, कडेवर कुसुम, तिच्या डोक्यावर ओला पदर.

"ती बाई कुठं हाय?"

मी टाक तसाच ठेवून उठलो. बाई सकाळच्या गाडीनं आलेली लस आणायला नाशिकरोडला गेल्या होत्या. उन्हाळ्यात लस टिकत नाही, म्हणून गाडीवरून परस्पर उतरवून घेत. आम्ही दोघं टांगा अड्ड्यावर जाऊन उभे राहिलो. आई सावलीत यायला तयार नव्हती. अर्ध्या तासानं टांगा आला, लस गार ठेवायचं ओलं मडकं मांडीवर धरून बसलेल्या बाई उतरल्या. आईकडे एकदा पाहिलं. समोरच्या देवळाच्या पायरीवर बसल्या, हात धुतले, दिवा पेटवला, हत्यार ज्योतीवर धरलं.

"बघा, आई. तापवलं."

"पुन्हा तापव," आई म्हणाली.

बाईंनी पुन्हा तापवलं.

"आजून एकदा."

बाईंनी अजून एकदा तापवलं, गार होऊ दिलं. मी कुसुमला घ्यायला हात पुढे केले. आईनं ते बाजूला सारले आणि स्वतः मांडी घालून कुसुमला घट्ट धरून बसली. डोळे मात्र मिटून घेतले.

पुढचे आठ दिवस बाई रोज आल्या. पंचवटीभर धावपळ चाललेली, घरोघर बोलावणी. पण संध्याकाळी पुलावरून ती छत्री यायचीच. चौथ्या दिवशी कुसुमला ताप चढला, तेव्हा आई दाराशी बाईंची वाट बघत उभी होती आणि तिचा चेहरा मला बघवत नव्हता. बाईंनी दंड पाहिला, काख चाचपली. "ताप हवाच. हात स्वच्छ आहे. उद्या बघा." आठव्या दिवशी चारही देवी गोल, टपोऱ्या उठल्या होत्या. आईनं बोट न लावता मोजल्या. मग पदर खांद्यावरून मागे सारून स्वतःचा दंड पुढे केला. "मला बी घाल. पर हत्यार तापव."

फूलवाल्यांचा मुलगा वाचला, पण त्याचा एक डोळा गेला. आमच्या गल्लीत आणखी दोन दारांना डहाळे लागले. कुसुमच्या अंगावर पुरळसुद्धा उठलं नाही. पुढच्या हिवाळ्यापासून आई बाईंच्या पुढे चालत गल्लीत शिरायची आणि दारं वाजवायची. "आणा गं पोरं! हिचं हत्यार तापवलेलं असतं, म्या बघितलंय."

साथ ओसरल्यावर एका निवांत दुपारी मी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. ज्या पोरांच्या देवी उठल्याची खूण बाईंनी केली होती, त्यांची नावं मृत्यूच्या वहीत शोधत गेलो. एकही सापडलं नाही. बाई आल्यावर मी मोठ्या ऐटीत त्यांना हे सांगितलं.

"सापडलं नाही म्हणजे तू नीट शोधलं नाहीस. परत बघ."

मी त्यांच्यासमोर परत बघितलं, एकेका नावावर बोट ठेवून. तासभर लागला. सापडलं नाही. बाई बाकावर बसल्या, चष्मा काढून पदरानं पुसत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "पाणी दे रे जरा." एवढंच. पाणी पिऊन झाल्यावर नव्या जन्मांची यादी मागितली.

काही वर्षांनी बाईंनी शहरातलं काम सोडलं. पेठकडच्या डोंगरातल्या पाड्यांवर टोचायला जायला कुणी तयार नव्हतं. बाईंनी स्वतःहून मागून घेतलं. सगळ्यांनी समजावलं, वय झालं, तिकडे रस्ते नाहीत, भाषा वेगळी. बाई म्हणाल्या, "पोरं रडतात त्याच भाषेत ना?" तिकडून दोनदा आईला निरोप आला, एकदा नागलीचं पीठ. त्यानंतर त्या नाशकात आल्याचं मी ऐकलं नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या तिकडे निघाल्या तेव्हाच, दिवाळीनंतरच्या एका गार सकाळी, पेठ नाक्यावर. निरोप द्यायला मी सायकलवर गेलो होतो. सर्व्हिस मोटर भरली होती आणि सुरू होत नव्हती. ड्रायव्हर हँडल मारून मारून घामाघूम झालेला. शेवटी उतारू खाली उतरून धक्का द्यायला लागले. बाई खिडकीतून हे थोडा वेळ बघत राहिल्या, मग तरातरा उतरल्या, लशीचं मडकं माझ्या हातात ठेवलं, "हलवू नको" म्हणाल्या, आणि ओचा खोचून दोन टोपलीवाल्यांच्या मधे मागच्या फळीला खांदा लावून उभ्या राहिल्या. "जोर लावा रे! नाष्टा केला नाही का कुणी?"

मोटर फुरफुरली आणि एकदम सुटली. लोक धावत सुटले, बाईही धावल्या, पंपशू फटफट वाजवत. कुणी तरी दांडीवरून हात दिला आणि त्या वर चढल्या. तेवढ्यात मडकं माझ्याच हातात आहे हे माझ्या लक्षात आलं. मी सायकल टाकून, दोन्ही हातांनी मडकं छातीशी धरून मोटरीमागे पळालो. चढावर मोटर जराशी मंदावली, खिडकीतून बाईंचे दोन हात बाहेर आले आणि मडकं आत गेलं. मी धापा टाकत रस्त्याच्या मधोमध उभा राहून हात हलवत राहिलो.

बाईंचं लक्ष नव्हतं. मान खाली घालून त्या नळ्या मोजत होत्या.